पाहुणीबाईंचा नवा पत्ता

जी बाई कधी जन्मालाच आली नव्हती, तिने घर बदललं, हे मला एका मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता कळलं. तेव्हापासून शुक्रवारी दुपारपर्यंत मी जितकी घाबरले, तितकी त्याआधीच्या दोन बाळंतपणांत आणि नंतरच्या तीन ऑपरेशनांत मिळूनही घाबरले नाही. आता माझं वय झालं आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कधी कधी तो नाकावरच असतो. पण ते चार दिवस मला तासातासाने आठवतात.

आमची कंपनी टपालाने माल विकायची. बटणं, सुया, लोकर, लेस, अस्तराचं कापड. दर तीन महिन्यांनी एक छापील सूचीपत्र गिऱ्हाइकांच्या घरी जायचं आणि त्यात बघून लोक मागणी पाठवायचे. गिऱ्हाइकं नऊ हजार चारशे. प्रत्येकाच्या नावाची एक पातळ पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर नाव आणि पत्ता ठोकून उठवलेला. पट्टी यंत्रात सरकवली, दांडा ओढला, की लिफाफ्यावर पत्ता उमटायचा. या पट्ट्या लाकडी खणांत उभ्या लावलेल्या असत, आणि त्या खणांच्या खोलीत माझं राज्य होतं. माझ्या हाताखाली एकच बाई होत्या, पट्ट्या ठोकणाऱ्या. त्यांना सगळे ठोकेबाई म्हणायचे, आणि दिवसभर ठोकून ठोकून त्यांना कानाने जरा कमी ऐकू यायचं, म्हणून त्या कुजबुजल्या तरी तीन खोल्यांत ऐकू जायचं.

लोकांना वाटतं पत्ता म्हणजे डोंगरासारखा, एकदा लिहून ठेवला की संपलं. अहो, पत्ता दुधासारखा नासतो. माणसं घरं बदलतात, मुलाकडे राहायला जातात, नगरपालिका एका सकाळी उठून अख्ख्या रस्त्याचे नंबर फिरवते. मग सूचीपत्रं ‘पत्ता सापडत नाही’ असा शिक्का घेऊन परत येतात, आणि परत आलेलं प्रत्येक सूचीपत्र मला थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. म्हणून आमच्या यादीचे दोन नियम होते. पहिला, टपालखातं दर महिन्याला पत्ता बदलाचा फॉर्म भरणाऱ्यांची यादी आम्हाला पाठवायचं, तिच्यातलं प्रत्येक नाव आपल्या पट्ट्यांशी ताडून बघायचं. दुसरा, दोन वर्षांत ज्याची मागणी नाही त्याचं नाव कमी. हा दुसरा नियम मी देवाच्या आज्ञेसारखा पाळायचे. माझ्या शाळेतल्या बाईंना कमी केलं, नात्यातल्या दोघीतिघींना कमी केलं, हात थरथरला नाही. पत्ता बदलाच्या फॉर्मचा गठ्ठा तर मी घरीच आणून ठेवला होता. आलागेला कोणी घर बदलतोय म्हणाला की पाणी विचारायच्या आधी मी फॉर्म द्यायचे. सासूबाईंना तो कसा भरायचा हेही शिकवून ठेवलं होतं, म्हणजे मी कामावर असताना कोणी आलं तर त्या मदत करतील. अभिमान फार वाईट.

आता त्या न जन्मलेल्या बाईबद्दल सांगते. आमच्या धंद्यात यादीत काही खोटी नावं मुद्दाम पेरून ठेवतात. त्यांना खुणेची नावं म्हणायचं. नाव मनाने बनवलेलं, पत्ता मात्र आपल्यातल्याच कोणाचा तरी खरा. कोणी यादी चोरून दुसऱ्या दुकानाला विकली, तर त्या दुकानाची पत्रं या खोट्या नावांनाही येतात आणि चोरी उघडी पडते. आमच्याकडे अशी दोन नावं होती. एक साहेबांच्या बहिणीच्या घरी, एक माझ्या घरी. ती माझ्या घरची बाई कोणत्या नावाची होती ते मी आजही सांगणार नाही. गुपित ते गुपित. आमच्याकडे तिला सगळे पाहुणीबाई म्हणायचे. बारा वर्षं तिच्या नावाचं सूचीपत्र माझ्या घरी यायचं, कोणत्या दिवशी आलं ते मी वहीत टिपायचे आणि अंक पलंगाखाली टाकायचे.

ही नावं खोटी आहेत हे कंपनीत फक्त साहेबांना आणि मला माहीत होतं. माझ्या आधी हे काम एक सावकाश बोलणारे गृहस्थ करायचे. त्यांना यादीकाका म्हणायचे. साहेबांच्या बहिणीकडच्या खोट्या नावाला एकदा दुसऱ्या दुकानाचं पत्र आलं आणि यादीकाकांना त्याच दुपारी घरी पाठवलं गेलं. इतक्या घाईत, की त्यांची छत्री खुंटीवरच राहिली. ती काढायला कोणी धजलं नाही. बारा वर्षं ती माझ्या पाठीमागे लटकत होती, आणि मी सकाळी आले की पहिल्यांदा तिच्याकडे बघायचे.

तर त्या मंगळवारी टपालखात्याची यादी आली. चौथ्या पानावर, वरून सातवी ओळ. पाहुणीबाई. जुना पत्ता माझा. नवा पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका गल्लीतलं घर, दुसरा मजला.

मी ती ओळ चार वेळा वाचली. पहिला विचार भुताचा आला, हे कबूल करते. दुसरा विचार त्याहून वाईट होता. हे नाव बाहेर कोणाला तरी कळलं होतं. म्हणजे यादी बाहेर गेली होती. आणि यादीची किल्ली माझ्या कमरेला होती.

“ताई, चेहरा असा का झालाय?” ठोकेबाई कुजबुजल्या. बाहेर बसलेल्या हिशेबनिसांनीही मान वर केली.

“उकडतंय,” मी म्हटलं आणि ते पान टीपकागदाखाली सारलं.

साहेब दर शुक्रवारी तीन वाजता यादीवर सह्या करायचे आणि खुणेची नावं स्वतः तपासायचे. माझ्याकडे तीन दिवस होते.

घरी गेल्यावर मी सगळं सांगितलं. आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. “जी नव्हतीच, ती गेली तर आपलं काय गेलं? एक माणूस कमी झालं,” ते पान उलटत म्हणाले. नवऱ्याचं सांत्वन असंच असतं, पायाला ठेच लागली तर म्हणतात दुसरा पाय आहे ना.

“अहो, मला चोर म्हणतील!”

“बारा वर्षांत काय चोरलंस? एक सुई आणली नाहीस घरी. मीच बाजारातून आणतो.”

सासूबाई कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुया थांबल्या. “जाऊ दे ना गं,” त्या म्हणाल्या. “गेली असेल बिचारी. बारा वर्षं एका जागी राहून कंटाळा येतो माणसाला.”

“आई, ती माणूस नाही!”

“बरं, नाही तर नाही,” असं म्हणून त्या आत गेल्या. भीतीने आंधळी झालेली मी, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे तात्या आले. तात्या कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. आमच्या जिन्यात कुजबुज झाली की त्यांना तहान लागायची आणि ते आमच्याकडे पाणी प्यायला यायचे. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

“वहिनी, हे साधं नाही. यात बनावट इसम आहे, बनावट अर्ज आहे आणि खरा पत्ता आहे. यावर कलम आहे.”

“कोणतं?”

“आत्ता आठवत नाही. पण आहे. आणि चांगलं मोठं आहे.” मग ते म्हणाले, “आधी समोरच्याला लेखी गाठावं. उत्तर आलं तर तो आहे. नाही आलं तर तो लपतोय. कागद आणा.”

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे: “आपण अस्तित्वात नसल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. तरी हे पत्र मिळताच आपण कोण आहात याचा समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा पुढील परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.” खाली सही नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. “नाव घातलं की आपण अडकतो,” तात्या म्हणाले. उत्तर कोणत्या पत्त्यावर येणार हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना मागे पत्ता लिहायला शिकवलं, तिने बिनपत्त्याचं पत्र पेटीत टाकलं.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी मुख्य टपाल कचेरीत गेले. पत्ता बदलाच्या खिडकीत एक शांत गृहस्थ बसले होते. इतके शांत, की माझी भीती दुप्पट झाली.

“हा अर्ज कोणी भरला ते कळेल का?” मी विचारलं.

“ज्याचा पत्ता, त्यालाच सांगता येतं. त्यांना पाठवा.”

“त्या येऊ शकत नाहीत.”

“आजारी आहेत?”

“नाही. त्या नाहीतच.”

“अरेरे. कधी वारल्या?”

“वारल्या नाहीत हो. त्या मुळात नव्हत्याच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही त्यांच्या कोण?”

इथे माझी अक्कल गहाण पडली. “बहीण,” मी म्हटलं.

“मग बहिणीला विचारा ना, घर बदललंस का म्हणून.”

“बहीण नाही. मी नुसती त्यांच्या घरी राहते. म्हणजे त्या माझ्या घरी राहायच्या. म्हणजे नव्हत्याच राहत.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

गृहस्थांनी एक जुनं रजिस्टर ओढलं, बोट फिरवलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, “मग बाई, बारा वर्षं त्यांच्या नावाचं टपाल कोण घेत होतं?”

तात्यांचं मोठं कलम ते हेच! मी “येते हं” म्हणून जी निघाले ती बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिले, आणि तिथे लक्षात आलं की जेवणाचा डबा खिडकीच्या फळीवर राहिला. साधा डबा नव्हे. ठोकेबाईंनी माझ्या वाढदिवसाला त्याच्या झाकणावर एक पट्टी जडवून दिली होती. माझं नाव, माझा पत्ता, अक्षर न् अक्षर स्वच्छ ठोकलेला. गुन्हेगार ठसे ठेवून पळतो, मी घराचा नंबर ठेवून पळाले होते.

त्या संध्याकाळी साडेपाचला दार वाजलं. गणवेशाची बाही खिडकीतून दिसली. आमचे हे वर्तमानपत्राच्या मागे गेले. सासूबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्या सरळ पांघरूण घेऊन पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “मला ताप आहे म्हणून सांग. म्हातारीला कोणी नेत नाही.” मला वाटलं माझ्या काळजीने बोलताहेत. डोळे भरून आले.

मी दार उघडलं. आमचा नेहमीचा पोस्टमन उभा होता, हातात डबा.

“बाई, खिडकीवरच्या साहेबांनी दिला. म्हणाले, इतका नीट पत्ता नोकरीत पाहिला नाही.” तो जाता जाता थांबला. “आणि तुमच्या त्या पाहुण्या गेल्या म्हणे? माझ्या हातात फॉर्म आला तेव्हा वाईट वाटलं. बारा वर्षांत एकदा दिसल्या नाहीत, पण कधी तक्रार नव्हती बाईंची.”

“फॉर्म तुमच्या हातात कोणी दिला?” मी ओरडलेच.

पोस्टमनने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. पलंगावरचं पांघरूण डोक्यापर्यंत वर सरकलं.

“पेटीत टाकलेला होता,” तो म्हणाला आणि जिना उतरला. भला माणूस. त्या वेळी मला तो नुसता घाईत वाटला.

गुरुवारी संध्याकाळी कामावरून परस्पर मी आणि हे त्या नव्या पत्त्यावर गेलो. सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “नका गं जाऊ. कोणाच्या घरी असं न कळवता जाऊ नये.” मी म्हटलं, “कळवलंय. पत्र टाकलंय.” त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

गल्ली अरुंद होती, जिना अंधारा. मी पुढे, हे मागे. “तू बोल, मी पाठीशी आहे,” असं म्हणत ते तीन पायऱ्या पाठीशी राहिले. दुसऱ्या मजल्यावर दाराची पाटी कोरी. मी कडी वाजवली. आत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, जड, टेबलासारखा. मी पुन्हा वाजवली.

“कोण आहे?” आतून कापरा आवाज आला.

माझ्या तोंडून तात्यांचंच वाक्य बाहेर पडलं. “आपण कोण आहात याचा खुलासा करा!”

आतून किंकाळी ऐकू आली. “आले! पत्रवाले आले! मी आहे हो! मी अस्तित्वात आहे! देवाशपथ आहे!”

तो आवाज ऐकून आमचे हे तिन्ही पायऱ्या एका ढांगेत चढले. “मावशी?”

बराच वेळ टेबल ओढल्याचा आवाज येत राहिला. मग दार उघडलं. समोर माझ्या मावससासूबाई, सासूबाईंची धाकटी बहीण. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझं पत्र. त्या दोन महिन्यांपूर्वी मुलाबरोबर नव्या घरात राहायला गेल्या, एवढंच मला माहीत होतं. कुठे, ते मी विचारलंच नव्हतं. नऊ हजार चारशे पत्ते जिला पाठ, तिला घरच्या माणसाचा पत्ता ठाऊक नव्हता.

खिडकीशी खुर्ची होती, खुर्चीवर उशी, उशीवर आमचं सूचीपत्र. लोकरीच्या पानावर चष्मा पालथा ठेवलेला. लिफाफ्यावर टपालखात्याने जुना पत्ता खोडून नवा लिहिला होता, आणि वर नाव पाहुणीबाईंचं. या खेपेचा अंक घरी आला नाही तो टपालाचा उशीर, असं मी धरून चालले होते.

“ताईने पाठवायची सोय केली,” मावशी खाली बघत म्हणाल्या. “मुलगा दिवसभर कामावर. मला कोणाचं काही येत नाही गं. आधी हे यायचं. तीन महिने पुरवून वाचायचे. रंगांची नावं पाठ करायचे. मग बंद झालं.”

ते मीच बंद केलं होतं. त्यांच्या बोटांना संधिवात झाला, विणणं सुटलं, दोन वर्षं मागणी नाही. नाव कमी. हात थरथरला नव्हता.

घरी आलो तेव्हा सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, ताप उतरलेला, हनुवटी वर.

“हो, मीच भरला फॉर्म,” त्या म्हणाल्या. “तूच शिकवलास. माझ्या बहिणीने तेहतीस वर्षं तुमची लोकर घेतली, तिला काढलंस. आणि ती तुझी पाहुणी! बारा वर्षांत एक बटण घेतलं नाही, तरी तिला दर तीन महिन्यांनी पुस्तक, आणि तू ते पलंगाखाली टाकतेस. मला काय माहीत तिच्यात तुझी नोकरी अडकलीय? तू घाबरलेली बघून सांगायचं ठरवलं, तर तात्यांनी कलम काढलं. मग मीच घाबरले.”

बोलण्यासारखं सगळं त्यांनीच बोलून टाकलं होतं. आणि उद्या शुक्रवार होता.

तीन वाजता मी यादी घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. साहेबांची पेन्सिल ओळीओळीने खाली आली आणि सातव्या ओळीवर थांबली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की साहेबसुद्धा घाबरतात.

“बाई,” ते म्हणाले, “हे नाव बाहेर कसं गेलं?”

मी सगळं सांगितलं. मावशींची लोकर, पलंगाखालचे अंक, फॉर्मचा गठ्ठा. टपाल कचेरीत बहीण झाले तेही सांगितलं. खोटं एकदा कमी करायला घेतलं की यादीसारखंच शेवटपर्यंत करावं लागतं. बोलून झाल्यावर मी किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली.

साहेबांनी किल्लीकडे पाहिलं नाही. ते उघड्या दारातून माझ्या खोलीतल्या खुंटीकडे बघत होते. मग त्यांनी फोन उचलला आणि बहिणीचा नंबर फिरवला.

“अगं,” ते म्हणाले, “बारा वर्षांपूर्वी तुझ्याकडच्या त्या नावाला दुसऱ्या दुकानाचं पत्र आलं होतं. तू त्यांच्याकडून कधी काही मागवलं होतंस का?”

फोनमधला आवाज खणखणीत होता. ठोकेबाई सोडून सगळ्यांना ऐकू आला. “हो, लेस मागवली होती. तुमच्या लेसला धुतल्यावर दम राहत नाही. माझ्या नावाने मागवली असती तर तू चिडला असतास, म्हणून त्या बाईच्या नावाने मागवली. का रे?”

साहेबांनी हळूच फोन ठेवला. “मी तेव्हा तिला विचारलंच नाही,” ते म्हणाले. मला म्हणाले की भिंतीला, कळलं नाही.

मग ते उठले, माझ्या खोलीत आले आणि त्यांनी छत्री खुंटीवरून काढली. मला वाटलं, झालं, आता ही माझ्या हातात देतील. तशी दिलीच. म्हणाले, “यांचा पत्ता आहे आपल्याकडे?”

“नाही, साहेब. तुम्हीच कमी केला होता.”

“शोधा,” ते म्हणाले आणि किल्लीही परत दिली.

जुन्या पत्त्यावर यादीकाका नव्हते, शेजाऱ्यांना काही माहीत नव्हतं. पण मी धीर धरला. दर महिन्याला टपालखात्याची यादी आली की आधी त्यांचं नाव बघायचे. आठव्या महिन्यात सापडलं. त्यांनी पुन्हा घर बदललं होतं आणि फॉर्म भरला होता. भरणारच, यादीचा माणूस. मी त्यांच्या नावाची नवी पट्टी करायला दिली, छत्री नीट बांधली, आत साहेबांचं चार ओळींचं पत्र होतं. ते मी वाचलं नाही, पण साहेबांनी त्याचे सहा कागद फाडलेले मोजले.

मावशींचं नाव मी परत यादीत घेत होते, तर त्याच नको म्हणाल्या. पाहुणीच्या नावाने आलेलं वाचायला जास्त मजा येते म्हणे. मावशी देवाघरी जाईपर्यंत पाहुणीबाई तिथेच राहिल्या.

छत्री पाठवल्यावर मी पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसले. परत येईल, शिक्का घेऊन येईल, असं वाटायचं. पार्सल परत आलं नाही. एक पोस्टकार्ड आलं. अक्षर सावकाश, एकेक काना जागच्या जागी.

“छत्री मिळाली. साहेबांचे पत्रही मिळाले. आपण घराचा क्रमांक चौदा घातला आहे, तो एक्केचाळीस हवा. पोस्टमन ओळखीचा म्हणून पोचले. पट्टी दुरुस्त करून घ्यावी.”

मी ठोकेबाईंकडून पट्टी लगेच सपाट करून घेतली. नवी ठोकताना शेजारी उभी राहून दोन्ही आकडे तीन वेळा ताडून पाहिले.